उशाशी बसलेल्या दुभाषी ताईंना

सप्रेम सलाम.

मिशनचं पथक परदेशात जिथे जिथे उतरतं, तिथे तुमच्यासारखी एक ताई असते. दिवसभर उपासनेत, शाळेत, दवाखान्याच्या रांगेत पाहुण्यांचं बोलणं गावाच्या भाषेत सांगणारी, आणि पाहुण्यांपैकी कुणी तापाने फणफणलं की रात्री त्याच्या उशाशी बसणारी. अशा पथकांची तयारी करून घेणारे आम्ही लोक कामाच्या यादीत तुमच्यापुढे 'दुभाषी' एवढंच लिहितो. त्या शब्दात न मावलेल्या कामाबद्दल हे पत्र.

पहिले आभार एका प्रश्नाचे. ताप किती, हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारता, "इथे येऊन कितवा दिवस?" फाल्सिपॅरम या सगळ्यात घातक जातीच्या मलेरियाचा डास चावल्यावर ताप यायला साधारण ७ दिवस तरी लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा ताप सहसा इथल्या मलेरियाचा नसतो. नवव्या दिवशीचा मात्र रक्त तपासून नक्की होईपर्यंत मलेरियाचाच धरायचा. पथकातले लोक तोवर प्रवासाचा शीण, हवापालट, बाधलेलं जेवण अशी कारणं शोधत बसतात. "मी गोळ्या घेतोय, मला कसा होईल?" हे त्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. प्रतिबंधक गोळी धोका पुष्कळ कमी करते, शून्य करत नाही. शिवाय मध्ये दोन दिवस गोळी चुकली, हे सहसा कुणी आपणहून कबूल करत नाही. प्रार्थना चालू असतानाच तुम्ही गाडी बोलावता, म्हणून काही पथकप्रमुख तुमच्यावर नाराज होतात. होऊ द्या. हा आजार चिघळला तर चोवीस तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

दुसरं, औषधांच्या पेटीवर तुम्ही हात ठेवता त्याबद्दल. प्रत्येक पथकाकडे एक पेटी असते आणि ती उघडायला उत्सुक असे चार-पाच जण. कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक काढतं, कुणी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी. टायफॉइड असेल तर ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेण्याआधी पोटात गेलेल्या अँटिबायोटिकमुळे जंतू वाढतच नाहीत आणि डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागतं. डेंग्यू असेल तर आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल: धडधाकट मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांमध्ये ६ तास, चोवीस तासांत ८ गोळ्यांच्या वर नाही. अमेरिकी पाकिटावर हेच औषध ॲसिटामिनोफेन या नावाने असतं, आणि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच लपलेलं असतं. दोन नावांनी एकच औषध दुप्पट पोटात जातं, ते असं.

मलेरियाची रॅपिड टेस्ट, म्हणजे थेंबभर रक्ताची झटपट पट्टी-तपासणी, निगेटिव्ह आली की पथक सुटकेचा श्वास टाकतं. तुम्ही टाकत नाही. एका निगेटिव्हवर मलेरिया नाही असं म्हणता येत नाही. १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा, अशी एकूण तीन वेळा तपासणी करावी लागते. आफ्रिकेच्या शिंगाकडच्या (इथिओपिया, एरिट्रिया वगैरे) देशांत तर मलेरियाच्या काही परजीवींमध्ये ही टेस्ट जे प्रथिन शोधते तेच नसतं, त्यामुळे पट्टीवर रेघच उमटत नाही. म्हणून काचपट्टीचा, म्हणजे रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचा आग्रह: जाड थेंबात परजीवी सापडतात, पातळ थेंबात त्यांची जात कळते. आणि तुम्ही लॅबवाल्याला "पॉझिटिव्ह का?" एवढंच विचारून परत येत नाही, किती टक्के तांबड्या पेशींत परजीवी आहेत तो आकडा लिहून आणता. पुढच्या डॉक्टरला तोच लागतो.

आता खरं दुभाष्याचं काम. आजारी पाहुणा संकोचाने म्हणतो, "मी ठीक आहे, माझ्यामुळे तुमचं काम थांबायला नको." निव्वळ भाषांतर केलं तर डॉक्टर केसपेपरवर 'प्रकृतीत सुधारणा' असं लिहून पुढच्या खाटेकडे जातील. तुम्ही त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगता आणि मग वेगळं करून सांगता, "हे त्याचं म्हणणं. मला दिसतंय ते असं: उत्तर द्यायला वेळ लावतोय, आज कोणता वार ते चुकला, सकाळपासून लघवी नव्हती, मघाशी झाली ती काळ्या चहासारखी, उठवलं तर पाय धरत नाहीत." गंभीर मलेरियाच्या खुणा त्या दुसऱ्या भागात असतात. झटके, खोल आणि जोरजोरात चालणारा श्वास, पिवळे डोळे, हेही त्यातलंच. गुंगी वाढली की बोटाला टोचून साखर बघायला तुम्हीच सांगता. या आजारात साखर उतरते, क्विनाइन हे मलेरियाचं जुनं औषध चालू असेल तर जास्तच.

तुमच्या वहीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. शाळकरी वही, आडव्या पानावर पट्टीने आखलेले सहा रकाने: वेळ, ताप, नाडी, प्यायलेलं पाणी, लघवी, औषध. पाणी 'थोडं' असं लिहिलेलं नसतं, २०० मिलि असं असतं. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने. त्याचं कारण बाहेरच्याला कळायला वेळ लागतो. पूर्व आफ्रिकेत बोलताना तास सूर्योदयापासून मोजतात. आपण सकाळचे सात म्हणतो त्याला तिथे 'पहिला तास' म्हणतात. सिस्टर "दोन वाजता" म्हणाल्या आणि पाहुण्याने घड्याळातले दोन धरले, तर सहा तासांचा घोळ. गंभीर मलेरियावरचं आर्टेसुनेटचं इंजेक्शन सुरुवातीला, मग १२ तासांनी, मग २४ तासांनी द्यायचं असतं. तिथे सहा तास म्हणजे दोन इंजेक्शनांमधलं अर्धं अंतर.

त्याच पानाच्या कोपऱ्यात वजन, किलोत. या इंजेक्शनाचा डोस दर किलोमागे २.४ मिलिग्रॅम (२० किलोच्या आतल्या मुलांना ३). अमेरिकी पाहुणा वजन सांगतो पाउंडांत: १३२. ते कुणी किलो समजून लिहिलं तर डोस दुपटीच्या वर जातो. खरं वजन ६० किलो, डोस १४४ मिलिग्रॅम. कुपी ६० मिलिग्रॅमची असेल तर एका वेळेला तीन लागतात, पहिल्या तीन इंजेक्शनांना नऊ. इस्पितळाच्या औषधखान्यात कधी चारच मिळतात, उरलेल्या बाहेरून आणायच्या, रात्री. भुकटी सोबतच्या बायकार्बोनेटमध्ये विरघळवायची, मग सलाईन घालून पातळ करायची, आणि तयार झाल्यापासून तासाभरात द्यायची. म्हणून सिस्टर दुसऱ्या वॉर्डात असताना कुपी फोडू नका, हेही तुम्हीच सांगता. रिकाम्या कुप्या तुम्ही खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवता. पाळी बदलल्यावर नव्या सिस्टरला किती डोस झाले हे वहीआधी त्या कट्ट्यावर दिसतं.

पैशांचं थोडक्यात, कारण तिथे चूक पथकांचीच असते. विम्याच्या कार्डावरचा चोवीस तासांचा नंबर कुणालाही, काहीही हलवण्याआधी लावायचा. विमा कंपनीला न विचारता एअर अँब्युलन्स ठरवली तर पुष्कळ कंपन्या ते बिल नाकारतात. केस नंबर वहीच्या पहिल्या पानावर. विमा कंपनीचं हमीपत्र येईपर्यंत इस्पितळ अनामत मागतं, तेव्हा पावती शिक्क्यानिशी घ्यायची. दूतावास नातेवाइकांपर्यंत निरोप पोचवतो, डॉक्टरांची यादी देतो, बिल सहसा भरत नाही. व्हिसा संपत आला असेल तर संपण्याआधी इस्पितळाचं पत्र घेऊन मुदतवाढीचा अर्ज करायचा. पथकातल्या कुणाच्या लक्षात हे सहसा येत नाही, तुमच्या येतं.

आणि "उद्याच्या विमानाने घरी नेऊ" म्हणणाऱ्यांना तुम्ही डॉक्टरांसमोर बसवता, त्याबद्दल विशेष आभार. विमानात केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो. हिमोग्लोबिन घसरलेल्या, फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाला तिथे ऑक्सिजन अपुरा पडतो. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा असतो, आणि स्ट्रेचरसाठी काही आसनं अडवावी लागतात. ते एका रात्रीत जमत नाही.

डिस्चार्जच्या कागदावर तुम्ही हट्टाने लिहवून घेता त्या तीन ओळी घरी पोचलेल्या पाहुण्याला फार उपयोगी पडतात. इंजेक्शनं थांबल्यावर तीन दिवसांच्या गोळ्या पूर्ण करायच्या. त्या गोळ्या आर्टेमेथर-ल्यूमेफॅन्ट्रिनच्या असतील तर दुधाबरोबर किंवा स्निग्ध खाण्याबरोबर, आणि तासाभरात उलटी झाली तर तो डोस परत. आर्टेसुनेटनंतर चार आठवडे हिमोग्लोबिनवर लक्ष, कारण तांबड्या पेशी उशिराही फुटतात. आणि रॅपिड टेस्ट बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते; घाबरायचं नाही, काचपट्टी बघायची.

एक देणं मात्र आमच्याकडून राहिलेलं आहे. वेळापत्रकाप्रमाणे पथकाची बस पुढच्या गावाला निघते आणि आजारी माणूस तुमच्या भरवशावर राहतो. मानधन ठरलेलं असतं दिवसाच्या भाषांतराचं. रात्रींचा हिशेब कुणी करत नाही. यापुढे पथकातले दोघं मागे थांबतील: एक खाटेशी, एक फोन आणि पैशांशी, म्हणजे तुम्हाला घरी जाऊन झोपता येईल. पेटीत सहा रकाने आखलेली कोरी वही असेल, किलोचा वजनकाटा असेल, आणि तुमच्या रात्रींच्या मानधनाचं वेगळं पाकीट.

आपले,
पथकांची तयारी करून घेणारे आम्ही सगळे