अर्जाची किती पाने उरली, ते आधी सांगा

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी भांडुपला राहते. वेबसाइट बनवणं ही माझी नोकरी. रविवारी सकाळी आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत मी लॅपटॉप घेऊन बसते आणि आसपासच्या चाळींतल्या माणसांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. शिष्यवृत्ती, दाखले, कॉलेज प्रवेश, निराधारांचं अनुदान. जून-जुलैत खोलीबाहेर चपलांचा ढीग असतो.

मागच्या महिन्यात एक मावशी आल्या. चार घरची धुणीभांडी करतात. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी आधार, रेशनकार्ड, पासबुक, गुणपत्रिका असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घालून आणलं होतं. पहिलं पान भरलं, ‘पुढे जा’ दाबलं. दुसरं भरलं, तिसरं भरलं. प्रत्येक पानाखाली तेच बटण. मावशी दर वेळी विचारायच्या, “ताई, झालं का गं?” मला उत्तर देता येत नव्हतं, कारण किती पानं आहेत हे त्या अर्जात कुठेच लिहिलेलं नव्हतं. सहाव्या पानावर चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला मागितला. त्यांच्याकडे होता तो मागच्या वर्षाचा. नवा कुठे मिळेल, म्हणून आम्ही दोन-चार फोन केले, तेवढ्यात पडद्यावर आलं, ‘सेशन संपले, पुन्हा लॉगिन करा’. लॉगिन केलं तर सहाही पानं कोरी. या कामासाठी मावशींनी दोन घरी खाडा केला होता.

दाखला लागतो याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. “आधी सांगितलं असतं तर आधी काढला असता,” एवढंच त्या म्हणाल्या.

माझी मागणीही तेवढीच आहे. एकापेक्षा जास्त पानांच्या प्रत्येक सरकारी अर्जावर टप्पे दाखवणारी पट्टी असावी. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन कुर्ला’ असं ऐकलं की माणूस दाराकडे सरकायला लागतो, पिशवी सावरतो. अर्जातही पुढे काय येणार हे कळलं की माणूस कागद हाताशी काढून ठेवतो. ‘स्टेप ३’ एवढं लिहून हे होत नाही. टप्प्याला नाव हवं आणि ते मराठीत हवं: वैयक्तिक माहिती, शिक्षण, उत्पन्न, बँक खाते, कागदपत्रे, तपासणी. झालेल्या टप्प्यावर बोट ठेवून मागे जाता यावं, आणि मागे गेल्यावर भरलेलं पुसलं जाऊ नये. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं अर्ज मोबाइलवर उघडून बघतात. तिथे सहा टप्प्यांचे सहा गोल आणि सहा नावं एका ओळीत मावत नाहीत. त्याऐवजी वर ‘६ पैकी ३ : उत्पन्न’ एवढं ठळक लिहिलं तरी काम होतं.

पट्टी खरी असावी, याबद्दल मी फार आग्रही आहे. जात प्रवर्ग निवडला की आणखी दोन पानं उघडणारे अर्ज आहेत. अशा अर्जात ‘८० टक्के पूर्ण’ दाखवून पुढे तीन पानं काढली, तर पट्टी नसलेली परवडली. ऑनलाइन सर्वेक्षणांच्या अभ्यासांत असंही आढळलं आहे की पट्टी सुरुवातीला मुंगीच्या पावलांनी सरकली, तर लोक उलट जास्त संख्येने अर्धवट सोडून जातात. म्हणून टक्के नकोत, नावं असलेले टप्पे हवेत.

आणि नुसत्या पट्टीने सगळं होईल असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना मिळणाऱ्या भत्त्याच्या अर्जावरून १२ टप्प्यांची पट्टी काढून टाकली, तरी अर्ज पूर्ण होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आपले अधिकारी हे उदाहरण कदाचित आपल्यापुढे ठेवतील. पण तिथे अर्ज सुरू होण्याआधीच्या पानावर काय काय लागेल ते सांगण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तेही व्हावं: कागदपत्रांची यादी पहिल्या पानाच्या आधी, आणि प्रत्येक टप्पा संपला की भरलेली माहिती आपोआप जतन. वेळ संपत आली की आधी सूचना द्यावी आणि ती वाढवून घ्यायला किमान २० सेकंद मिळावेत, हे वेब सुलभतेच्या, म्हणजे संकेतस्थळ दिव्यांगांसह सर्वांना वापरता यावं यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांत स्पष्ट लिहिलेलं आहे. केंद्र सरकारनेही सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली आहेत आणि ती हेच निकष मानतात.

दृष्टिहीन अर्जदारांसाठी एक विनंती. हिरवा गोल म्हणजे झालं आणि राखाडी म्हणजे बाकी, हे फक्त रंगाने सांगू नका. कोडमध्ये चालू टप्प्याला ‘एरिया-करंट’ (aria-current) ही खूण दिली की स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, हाच चालू टप्पा आहे असं बोलून सांगतं. हे एका ओळीचं काम आहे. मी रोज करते, म्हणून खात्रीने सांगते.

मला सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवा किती दिवसांत द्यायची याची मुदत तो बांधून देतो, पण ती मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. सहाव्या पानावर थांबलेल्या मावशींना अर्ज क्रमांक मिळाला नाही, पावती मिळाली नाही. त्यांची मुदत सुरूच झाली नाही. ‘प्रलंबित’मध्ये त्या नाहीत, ‘नामंजूर’मध्येही नाहीत. त्या आल्या होत्या हे कागदोपत्री कुणालाच ठाऊक नाही.

ते मोजता येतं, महोदय. पट्टीसाठी अर्जाचे टप्पे पाडले की किती लोक कोणत्या टप्प्यावर थांबले याची नोंद सर्व्हरवर ठेवता येते. त्यासाठी नाव-गाव लागत नाही, नुसता आकडा पुरतो. तो आकडा आपण दर महिन्याला मागवून घ्यावा आणि जाहीर करावा. एखाद्या योजनेत निम्मे लोक उत्पन्नाच्या टप्प्यावर थांबत असतील, तर अडचण अर्जात आहे की दाखला मिळण्यात, हे आपल्याला मंत्रालयात बसून कळेल. सुरुवात एखाद्या शिष्यवृत्तीच्या अर्जापासून करा. चाचणीला माणसं हवी असतील, तर आमची खोली रविवारी दहा वाजता उघडते.

मावशींनी दाखल्यासाठी अर्ज केला आहे. तो हातात आला की त्या पुन्हा येतील आणि आम्ही पहिल्या पानापासून सुरू करू. सहाव्यानंतर किती पानं आहेत, ते आम्हाला अजून माहीत नाही.

आपली विश्वासू,
भांडुपची एक रहिवासी