आवाज फुटणाऱ्या मुलांना हसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्याच्या वाडी भागात मी गेली १९ वर्षं शिवणकाम करते. मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश, नवरात्राआधी चणियाचोळ्या, एरवी ब्लाऊज आणि फॉल-पिको. गणपती तोंडावर आलेत, मंडळांच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू झाल्यात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

माझ्याकडे मापाच्या वह्या आहेत. गणवेशाला तीच ती मुलं दरवर्षी येतात, त्यामुळे एकेका मुलाची सहा-सात वर्षांची मापं माझ्याकडे सापडतील. सहावी-सातवीपर्यंत टेप लावला की पोरांना गुदगुल्या होतात, हात पसरून खिदळत उभी राहतात. आठवीत तीच मुलं वेगळीच होऊन येतात. मुली दप्तर छातीशी धरून उभ्या. हात वर कर म्हटलं की आधी दाराकडे बघतात, कोणी आहे का म्हणून. मुलगे खांदे पुढे ओढून, पोक काढून. आणि हळूच गुजरातीत सांगतात, "आंटी, शर्ट ढीलुं राखजो ने," म्हणजे सैल ठेवा. हे वाक्य मी किती मुलांकडून ऐकलं असेल!

आणि मी काय करायचे? माप घेताना मदतनीस मुलीला ओरडून सांगायचे, "लिही गं, छाती चौतीस, कंबर बत्तीस." दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यात एखादी आई म्हणायची, "बघा ना ताई, किती सुटलाय, मुलींसारखी छाती झालीय." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. मूल टेपच्या आत उभं असायचं, त्याला जागचं हलतासुद्धा यायचं नाही.

मग हेच माझ्या घरात झालं. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा तेरा वर्षांचा होता. आमच्या गल्लीच्या गणपतीत आरतीनंतर तो दरवर्षी एक अभंग म्हणायचा, पाचवीपासूनचा नेम होता. त्या वर्षी वरच्या सुरावर गेला आणि आवाज फुटला. एकदम घोगरा, मग एकदम बारीक. मंडपात हशा पिकला. कोणी तरी म्हणालं, "रेडिओ बिघडला रे!" मी पहिल्याच रांगेत होते आणि मीही हसले. खरं सांगते, मला कौतुक वाटलं होतं, पोरगा मोठा झाला म्हणून. पण त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याला माझ्या मनातलं कौतुक कुठे दिसणार? त्याला हसणारी आई दिसली. उरलेला अभंग त्याने नुसते ओठ हलवून पुरा केला. त्यानंतर आजवर त्याने माणसांत गाणं म्हटलेलं नाही.

त्याच दिवाळीनंतर नाशिकला एका लग्नाला गेलो. खोलीत उकडत होतं, तर हा मावसभावाला म्हणाला, "बारी उघड ना." आमच्या बडोद्याच्या मराठीत खिडकीला बारी म्हणतातच, गुजरातीतून आलेला शब्द आहे. पण तिथे पोरांना तो मिळाला आणि तीन दिवस तो त्यांच्यासाठी "केम छो" झाला. मोठी माणसंही त्याच नावाने हाका मारत होती. परत आल्यावर शाळेत पुन्हा "ए मराठी" आहेच. तिकडे गुजराती, इकडे मराठी. मी म्हटलं, "चालायचंच, मस्करी असते." तो काही बोलला नाही. नववीच्या वह्यांवर मात्र त्याने फक्त नाव लिहिलं, आडनाव लिहिलंच नाही. शिक्षकांनी दोनदा विचारल्यावर पेन्सिलीने घातलं.

एका रात्री भांडी घासताना पाठीमागे येऊन त्याने विचारलं, "आई, आपण नक्की कुठले?" मी सरळ सांगितलं, तुझे खापरपणजोबा साताऱ्याकडून गायकवाड सरकारच्या नोकरीला इथे आले, म्हणजे आपण बडोद्याचेच. तो म्हणाला, "ते ते होते. मी विचारतोय." मला उत्तर सुचलं नाही. हात साबणाचे होते, मी नळ सोडला.

मग रात्री एक-एक वाजेपर्यंत बारीपाशी बसून राहायचा. सकाळी सातची शाळा. उठवताना रोज भांडण. गुण घसरले. मी मोबाइल काढून घेतला. आणि एक दिवस तो शाळेत गेल्यावर मी त्याची वही वाचली. तिच्यात काय होतं ते इथे लिहिणार नाही. पण वही मी पुन्हा ठेवली ती जराशी वाकडी ठेवली गेली, आणि त्याला कळलं. त्यानंतर चार महिने आमच्या घरात त्याचा आवाज म्हणजे फक्त "हं".

माझी एक जुनी गिऱ्हाईक महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानवविकास विषय शिकवायची. ब्लाऊजच्या मापाला आली तेव्हा मला रडूच आलं. तिने मला एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. १२-१३ ते १८ या वयात माणसाला "मी कोण" हाच प्रश्न सगळ्यांत मोठा असतो, आणि या वयात गोंधळणं म्हणजे बिघडणं नव्हे, हे त्याने मांडलं. त्याची स्वतःची गोष्ट तिने सांगितली ती मी विसरू शकत नाही. जन्मदाता बाप कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, सावत्र वडिलांचं आडनाव लावायचा. ज्यूंच्या प्रार्थनाघरात मुलं त्याला उंच, सोनेरी केसांचा म्हणून परका म्हणत आणि शाळेत ज्यू म्हणून चिडवत. तिकडे एक, इकडे एक. पुढे १९३९ मध्ये अमेरिकेचा नागरिक होताना त्याने आडनावच बदलून घेतलं. हाच माणूस नंतर गांधीजींचा आणि १९१८ च्या गिरणी संपाचा अभ्यास करायला आपल्या शेजारच्या अहमदाबादला आला होता! हे ऐकून मी घरी गेले आणि मुलाच्या वहीवरचं ते पेन्सिलीचं आडनाव बराच वेळ बघत बसले.

मग सयाजीराव महाराजांचाही विचार मनात आला. कामाठीबागेजवळच्या काळ्या घोड्यावरून, म्हणजे त्यांच्या पुतळ्यावरून, आम्ही रोज जातो. कवळाण्याचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, १८७५ च्या मे महिन्यात दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता. कशाला आलास असं विचारल्यावर "राजा व्हायला" असं तो म्हणाला, ही गोष्ट आपण कौतुकाने मुलांना सांगतो. पण बारा वर्षांच्या मुलाचं नाव बदललं, घर बदललं, आई बदलली. लिहितावाचता न येणारं खेड्यातलं पोर चार भाषा शिकायला बसलं, आणि १८८१ च्या डिसेंबरात अठराव्या वर्षी राज्याचा कारभार हातात आला. मधल्या सहा वर्षांतल्या रात्री कशा गेल्या असतील, हे आपण कधी सांगत नाही. तेव्हा त्याचाही आवाज फुटलाच असेल. त्या वाड्यात कोणी हसलं असेल का?

शेवटी मुलाला घेऊन एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. तो बाहेर आला तो मान वर करून. नंतर त्याला विचारून त्यांनी मला जेवढं सांगितलं, ते सगळ्या आयांना माहीत हवं. मुलाचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली जातो, आणि तो स्थिरावेपर्यंत महिनोन् महिने असा फाटतो. रात्री उशिरापर्यंत झोप न येणं हा हट्ट नसतो. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात तास-दोन तास उशिरा वाढतं, आणि झोप तर ८ ते १० तास हवी असते. छातीचं सांगितलं तेव्हा मला माझी सगळी वही आठवली. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलग्यांची छाती थोडी सुजते, दुखतेसुद्धा, आणि बहुतेकांची वर्षा-दोन वर्षांत आपोआप बसते. "शर्ट ढीलुं राखजो" म्हणणारी ती सगळी मुलं! त्यांना हे एकाही मोठ्या माणसाने सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, फक्त माझंच असं आहे.

आता माझ्या दुकानात पडदा आहे. आठवीपासून पुढच्या मुलींचं माप मी पडद्याआड एकटीच घेते, मुलग्यांचं माझे यजमान घेतात. आकडा मोठ्याने बोलायचा नाही, थेट वहीत लिहायचा. आईला वाटलं तर नंतर वही बघावी. शिवणीत माया आधीपासूनच जास्त सोडते, म्हणजे सहा महिन्यांनी उसवून सैल करता येतं आणि मुलाला पुन्हा "मी वाढलो" हे चार लोकांत सांगावं लागत नाही. दोन गिऱ्हाइकं म्हणाली, एवढं काय कौतुक. त्यांच्या मुलांनी मात्र सरळ उभं राहून माप दिलं.

गणेश मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा तेरा-चौदाच्या मुलाला स्टेजवर ओढू नका, आणि तो आपण होऊन आला तर आवाज फुटल्यावर हसू नका. गवई फैयाजखाँसाहेब ज्या गावात गायले त्या गावाने एवढं तरी करावं. नातेवाइकांनी मुरमं, मिशी, उंची, वजन आणि भाषा यांवर पाहुण्यांसमोर बोलू नये. आणि एखादं मूल दोन-दोन आठवडे जेवत-झोपत नसेल, मरणाचं बोलत असेल, तर ते वय आहे म्हणून सोडून देऊ नका. सरकारची टेली-मानस ही मनाच्या आजारांसाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि गुजरातीतही. हा नंबर मी शिलाईच्या पावतीवर छापून घेतला आहे.

मुलगा आता दहावीत आहे. सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी दुकान बंद करताना तो शटर ओढायला येतो आणि रस्त्याने थोडं बोलतो, कधी मराठीत, कधी गुजरातीत. वही वाचल्याबद्दल मी त्याची माफी मागितली. तो "बरं" म्हणाला, आणि आता वही कुलपात ठेवतो. ते कुलूप मीच आणून दिलं.

हे पत्र पाठवण्याआधी त्याला वाचायला दिलं. दोन वाक्यं त्याने खोडली, ती इथे नाहीत. आणि एका ठिकाणी मी, छापायचं आहे म्हणून, "रात्री खिडकीपाशी बसून राहायचा" असं शुद्ध लिहिलं होतं. त्याने खिडकी काढून बारी केलं.

कृपया माझं नाव छापू नये.

आपली,
एक शिवणकाम करणारी आई
वाडी, बडोदा