गाडी सुटताना पाहणारा माणूस

डोंबिवली (पूर्व),
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपतीचे विसर्जन आटोपून मी निघालो त्या रात्री देवरुखच्या स्टँडवर तू मला विचारलेस, "घरात वहिनी आहे, जिना उतरलास की माणसेच माणसे आहेत, मग तिथे तुला एकटे कसे रे वाटते?" गाडी लागलेली होती, कंडक्टर घाई करीत होता, त्यामुळे मी काहीतरी थट्टेवारी नेऊन चढलो. पण पनवेल येईपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. तुझा प्रश्न खोचक नव्हता हे मला ठाऊक आहे. तू मुंबईला येतोस तो कुणाच्या लग्नाला नाहीतर इस्पितळाच्या कामाला, आणि दोन दिवसांत तुला दिसते ती गर्दीच. महिनाभर मी उत्तर जुळवतो आहे. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

३१ मे २०२३ रोजी मी निवृत्त झालो. कार्यालयातल्या निरोप समारंभाविषयी सांगण्यासारखे काही नाही: शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि ठरलेली भाषणे. (ज्याला यापुढे कुठेच वेळेवर पोहोचायचे नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला अजून उमगलेले नाही.) खरा निरोप त्याच दिवशी सकाळी ७.४३ च्या लोकलमध्ये झाला. २६ वर्षे मी त्या गाडीच्या त्याच डब्यात, त्याच दाराने चढलो. आम्ही ११ जण होतो. डोंबिवलीला ज्यांना जागा मिळे ते घाटकोपरला उठत आणि उभे असलेल्यांना बसवत. हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हते, पण तो मोडल्याचे मला आठवत नाही. एकाच्या मुलीचे दहावीचे गुण, दुसऱ्याची साखर, तिसऱ्याच्या भावाशी चाललेला जमिनीचा दावा, हे सगळे आम्हांला तोंडपाठ होते. आणि तरीही, बंडू, त्यांतल्या एकाच्याही घराचा उंबरठा मी ओलांडलेला नव्हता, आणि माझा कुणी ओलांडला नव्हता.

याची जाणीव आम्हांला करोनाच्या काळात झाली. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या. पुढे १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी मोजक्या गाड्या सुटू लागल्या तेव्हा सरकारी कर्मचारी म्हणून ओळखपत्र दाखवून मी जाऊ लागलो. एकाआड एक आसनावर फुलीचा कागद चिकटवलेला, आणि डब्यात आम्ही सात-आठ अनोळखी माणसे. ज्या गाडीत एक पाय टेकायला जागा मिळाली की देवाचे आभार मानावेत, त्या गाडीत मी खिडकीशी पाय पसरून बसलो होतो आणि मला रडू येत होते. दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवासाची मुभा मिळाली, तेव्हा आमची मंडळी पुन्हा जमली. दहाच जमली. मस्जिद बंदरला मसाल्याच्या दुकानात काम करणारे एक गृहस्थ आमच्यात होते. त्यांच्या पिशवीला दालचिनीचा वास येई, म्हणून आम्ही त्यांना 'दालचिनी'च म्हणत असू. त्यांचा फोन लागेना. पत्ता कुणाकडे नव्हता, दुकानाचे नाव कुणाला माहीत नव्हते, आणि खरे आडनावही दोघांनी दोन वेगवेगळी सांगितली. शेवटी आमच्यातला एक जण मस्जिदला उतरून गल्लोगल्ली विचारत फिरला, तेव्हा कळले की ते एप्रिलमध्येच गेले. १४ वर्षे त्या माणसाने मला घाटकोपरला बसायला जागा दिली होती.

तर अशी ही मुंबईची ओळख असते. ती खोटी नसते, हे मी तुला ठासून सांगतो. पण ती एका वेळेला आणि एका जागेला बांधलेली असते. गावात तुझे-माझे नाते घराशी आहे, आडनावाशी आहे, बांधाशी आहे. भाऊबंदांशी उभा दावा असला तरी तेही एक नातेच असते आणि ते निवृत्त होत नाही. माझे नाते ७.४३ शी होते. ३१ मे रोजी माझा पास संपला, आणि त्याबरोबर माझी नऊ माणसे संपली. यात त्यांचा दोष नाही आणि माझाही नाही. सुरुवातीला व्हॉट्सॲपच्या गटावर रोज माझी चौकशी होई. नंतर गाडी उशिरा आल्याचे आणि कुर्ल्याला खोळंबल्याचे निरोप तेवढे येऊ लागले, आणि ते वाचून मी घरात सोफ्यावर बसल्या बसल्या घड्याळाकडे पाहू लागलो. त्याच घड्याळाकडे, भेट मिळालेल्या.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज ७० लाखांच्या आसपास माणसे प्रवास करतात. बर्लिनमध्ये राहिलेल्या गेऑर्ग झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ सालीच लिहून ठेवले आहे की मोठ्या शहरात मनावर इतक्या गोष्टी येऊन आदळतात की माणूस अलिप्तपणाचे कवच चढवूनच जगू शकतो. हे मी इथल्या वाचनालयात वाचले आणि मला पटले. समोरच्याची कोपरे आपल्या बरगडीत रुतलेली असताना त्याच्या डोळ्यांत पाहत राहिलो तर दोघांनाही प्रवास अशक्य होईल. म्हणून आपण त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहतो. ती निष्ठुरता नसते, सोय असते. फक्त एवढेच, की कवच चढवून चढवून अंगात मुरते आणि घरी आल्यावरही निघत नाही.

आता घराविषयी, कारण तुझ्या प्रश्नात वहिनीचा उल्लेख होता. तुझ्या वहिनीला एकटे वाटत नाही. तिची भिशी आहे, गच्चीवरचा हरिपाठ आहे, भाजीवालीशी तिचे वर्षानुवर्षांचे भांडण आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला कोणता लाडू द्यायचा याचा निर्णय तिच्याकडे आहे. मी गाडीत माणसे जोडत होतो त्या २६ वर्षांत ती जिन्यात जोडत होती, आणि जिना काही निवृत्त होत नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात सकाळी अकराला बेल वाजली. मी दार उघडले. शेजारच्या बाई वाटी घेऊन उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अगंबाई, काका घरात आहेत का? मग मी नंतर येते." आणि गेल्या. दार लावून मी आत आलो आणि कुठे बसावे ते मला कळेना. अकरा वाजता त्या घरात माझी जागाच ठरलेली नव्हती. साखरेचा डबा कोणता हेही मी विचारूनच घेत होतो.

तुला काही आठवले का? मला त्या क्षणी आबा आठवले.

आमचे आबा १९५७ साली मुंबईला गेले आणि गिरणीत लागले. लालबागला आपल्या गावकऱ्यांची खोली होती, एका खोलीत तीसेक माणसे. पहिल्या पाळीची मंडळी उठली की रात्रपाळीची त्याच जागेवर वळकटी पसरत. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, खानावळीचा डबा, आणि महिन्याला गावी मनिऑर्डर. मनिऑर्डरच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायची सोय असे, आबा दर महिन्याला एकच मजकूर लिहीत, "येथे सर्व खुशाल आहे, म्हशीस जपावे." आई ती कुपने डब्यात ठेवून द्यायची. मी लहानपणी समजत असे की आबा तिथे फार एकटे असतील. त्यांना गावाची आठवण येतच असणार, पण त्या खोलीत एकटे राहायला तसूभरही जागा नव्हती. भजनाचा गट होता, गणपतीचे मंडळ होते, आणि एखादा दिवस माणूस डब्याला आला नाही तर खानावळवाली विचारीत असे, "आज हे का नाही आले?"

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. पुढचे तुला ठाऊक आहे. वर्षभर वाट पाहून १९८३ च्या पावसाळ्यात आबा ट्रंक घेऊन कायमचे घरी आले. त्या घरात आईने २५ वर्षे शेत, गुरे, आजीचे आजारपण आणि आम्ही भावंडे एकटीने सांभाळली होती. आबा दर गणपतीला आणि शिमग्याला येणारे पाहुणे होते, आणि पाहुणा मुक्कामाला राहिला तसे ते राहिले. लाकडे कुठे रचायची हेही ते आईला विचारीत. पहाटे अंथरुणात उठून बसत. पहिल्या पाळीचा भोंगा ऐकू येत नाही म्हणून जाग येते, असे म्हणत. आम्हांला ते विनोदी वाटे. आवाज होत नाही म्हणून कुणाला जाग येते का?

आणि रोज संध्याकाळी ते शर्ट-टोपी घालून स्टँडवर जात, मुंबईची गाडी सुटेपर्यंत बसत आणि परत येत. कुणाला सोडायला नाही, आणायला नाही. आपण दोघे तुझ्या वडिलांच्या हॉटेलच्या मागच्या बाजूला उभे राहून हसायचो. "आबा निघाले मुंबईला टाटा करायला," हे वाक्य तुझे की माझे ते मला आठवत नाही, माझेच असावे.

बंडू, निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी मी भाजी आणतो असे घरी सांगून निघालो आणि दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट काढले. स्टॉलच्या आडोशाला उभा राहिलो. ७.४३ आली, मंडळी चढली, गाडी गेली. मग मी भाजी घेतली आणि घरी आलो. हे पुढे बरेच दिवस चालले. तुझ्या वहिनीला ते कळले होते, हे मला नंतर कळले. प्लॅटफॉर्म तिकिटे तिला शर्टाच्या खिशात सापडत होती. ती काही बोलली नाही, फक्त भाजीची यादी लांबवू लागली.

म्हाताऱ्यांचेच हे दुखणे आहे असेही समजू नकोस. आमच्या मजल्यावर लातूरकडच्या चार मुली कॉट बेसिसवर राहतात. त्यांतली एक घरूनच संगणकावर काम करते. मागे बाकीच्या तिघी जोडून आलेल्या सुट्टीत गावी गेल्या होत्या. सोमवारी सकाळी कार्यालयाच्या मीटिंगमध्ये ती बोलायला गेली तर आवाज घोगरा फुटला. तेव्हा तिच्या लक्षात आले की शनिवार-रविवारी तिच्या तोंडून एकही शब्द गेलेला नाही. जेवण आणून देणाऱ्यालासुद्धा तिने दाराबाहेर ठेवून जायला मोबाईलवरच लिहिले होते. हे ती तुझ्या वहिनीला हसत सांगत होती. जागतिक आरोग्य संघटनेचा जून २०२५ मधला अहवाल सांगतो की जगात सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि तरुणांत हे प्रमाण अधिक आहे. ब्रिटनने तर २०१८ मध्ये या विषयासाठी मंत्रीच नेमला. मंत्री नेमून काय साधते ते मी सांगू शकत नाही. त्या मुलीला आता रविवारी पोह्यांना बोलावले जाते, हे वहिनीचे खाते.

आता परवाची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १ ऑक्टोबरला, गाडीत पूजा होती. दरवर्षी मंडळी डब्याला झेंडूची तोरणे बांधतात, देवीची तसबीर लावतात, टाळ वाजवून आरती म्हणतात, पेढे वाटतात. मला गटावर बोलावणे आले. मी ठाण्याचे तिकीट काढून गेलो. माझ्या जुन्या जागेवर एक तरुण मुलगा बसला होता, आमच्यातला एक जण त्याला म्हणाला, "उठ रे, ही सदाकाकांची जागा." तो बिचारा लगेच उठला. मी बसलो. आरती झाली, पेढा मिळाला, आणि मग बोलणे सुरू झाले ते कुणाच्या तरी बदलीचे आणि कसल्यातरी फ्लॅटच्या ताब्याचे, ज्यांतली नावे मला ओळखू येईनात. सगळे माझ्याशी अतिशय चांगले वागत होते. पाहुण्याशी वागतात तसे. ठाण्याला उतरलो तेव्हा माझ्या मागून आत घुसणाऱ्या लोंढ्याने दार भरून गेले आणि मला हात करायलाही कुणी दिसले नाही.

फलाटावर उभा असताना माझ्या मनात जे आले ते विचारण्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. तू तेव्हा शाळा सुटल्यावर, पुढे कॉलेज सोडल्यावर, वडिलांच्या हॉटेलात गल्ल्यावर बसत होतास. मी त्या वर्षी नोकरीसाठी मुंबईला आलो, त्यामुळे मला पुढचे माहीत नाही, आणि आबांना मी कधी विचारले नाही. ते तुमच्याकडे चहा घेत का? मुंबईहून आलेल्या ड्रायव्हरशी बोलत का, लालबागचे काही विचारीत का, की नुसतेच बाकावर बसून गाडी सुटताना पाहत? तुझ्या वडिलांशी त्यांचे काही बोलणे होई का? आठवेल तेवढे लिही, तुटक असले तरी चालेल. फोनवर मात्र सांगू नकोस.

काकूंना माझा नमस्कार सांग. दिवाळीत जमले तर चार दिवस इकडे ये. आमचा पोस्टमन हल्ली जिना चढत नाही, पत्रे खालच्या पेटीत टाकून जातो. ती पेटी मी रोज उघडून पाहतो.

तुझा,
सदा