आईची जखम ओळखणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

आईच्या घोट्याजवळची जखम काही केल्या भरत नव्हती. शुगर नॉर्मल, ड्रेसिंग नियमित, अँटिबायोटिकचे कोर्सही झालेले. आमवात फार जुना, पण अलीकडे सांधे शांत होते, त्यामुळे जखमेचा त्याच्याशी संबंध कुणी जोडलाच नव्हता. तुम्ही पट्टी सोडायच्या आधी आईचे हात हातात घेतलेत. नखांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके होते, भिंगातून एकेक बोट बघितलंत, कोपरावरच्या गाठी चाचपल्यात आणि विचारलंत, "चालताना चप्पल निसटते का हो, आजी?" निसटत होती. चवडा उचललाच जात नव्हता.

ज्या प्रतिकारशक्तीनं सांधे पोखरले, तीच आता बारीक रक्तवाहिन्यांवर उलटली आहे (रुमॅटॉइड व्हॅस्क्युलायटिस); रक्त पोहोचत नाही म्हणून कातडी मरते आणि चवडा उचलणारी नस, म्हणजे मज्जातंतूही, हे तुम्ही आईला समजेल अशा भाषेत सांगितलंत. तरी बायोप्सी केल्याशिवाय जड औषधांना हात लावला नाहीत. मग सलाईनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज १ ग्रॅम, सलग ३ दिवस.

पुढच्या औषधाबद्दल तुम्ही जे बोललात, त्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. हा आजार विरळ, त्यामुळे त्यावरच्या औषधांच्या मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत, हे तुम्ही लपवलं नाहीत. प्रतिकारशक्ती दाबणारी दोन औषधं समोर होती. सायक्लोफॉस्फमाइडचा अनुभव जुना, पण मूत्राशयाला जपावं लागतं आणि जंतुसंसर्गापासून सांभाळावं लागतं. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी आणि टीबी तपासायला हवा. दोन्ही बाजू मांडून, आईचं वय बघून तुम्ही रिटुक्सिमॅब सुचवलंत: १००० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. नस कितपत सुधारेल याचं खोटं आश्वासनही दिलं नाहीत.

जखम भरली आहे. चवडा अजून पुरता उचलत नाही, पण पावलाला आधार देणारा स्प्लिंट लावून आई जिना एकटी उतरते.

पत्र जाहीर लिहिते आहे, कारण तुम्ही ओपीडीत प्रत्येकाला सांगता ते आणखी घरांत पोचावं: जुना आमवात असेल आणि न भरणारी जखम, नखांकडेला काळे ठिपके, हातापायाला अचानक लुळेपणा किंवा लाल होऊन ठणकणारा डोळा दिसला, तर सांधे दुखत नसले तरी लगेच वातविकारतज्ज्ञांकडे जा.

ड्रेसिंग करताना आईशी गप्पा मारत तिची कळ विसरायला लावणाऱ्या सिस्टरनाही आमचा नमस्कार सांगा.

आपली कृतज्ञ,
आजींची मुलगी