टॉवेलच्या शिवणीतला नंबर

भोसरी, पुणे
२ ऑगस्ट

प्रिय शिनू,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. तसंच बोलून उत्तर देता आलं असतं, पण आमच्या इथे लॉन्ड्रीत मशीन चालू असताना माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, आणि विषयही दोन वाक्यांत उरकणारा नाही. म्हणून रविवारी निवांत लिहायला बसलोय.

आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देतो. गोव्याच्या हॉटेलवाल्यांनी तुझ्या सोलापूरच्या टॉवेल कारखान्याला ऑर्डर देताना अट घातली की प्रत्येक टॉवेलात आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींवर आपला नंबर सांगणारी चिप) शिवूनच हवा, आणि तू विचारतोस, पाहुण्यानं टॉवेल बॅगेत घालून नेला तर तो कुठे गेला हे त्यांना मोबाईलवर दिसणार का? नाही दिसणार. मडगाव स्टेशनाच्या पुढे तो टॉवेल त्यांच्या दृष्टीनं संपला. हे जीपीएस नव्हे. त्यांच्या परचेसवाल्याच्या डोक्यात तसं काही असेल तर ऑर्डर घेण्याआधीच काढून टाक, नाहीतर उद्या टॉवेल हरवले की दोष सोलापूरच्या टॅगला.

तुझ्या गाडीच्या काचेवर फास्टॅग आहे ना, त्याच जातीचा हा. बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या रीडरची रेडिओ लहर अंगावर पडली की तेवढ्याशा ऊर्जेवर चिप जागी होते आणि तीच लहर किंचित बदलून परत पाठवते. त्या बदलात तिचा नंबर असतो. अंतर काही मीटरचं, बस. रीडर समोर नसेल तर टॅग निव्वळ मुका.

आता एका ट्रॉलीत दोनशे टॉवेल असतील तर दोनशे टॅग एकदम बोलायला लागतील, मग ऐकू कसं येणार? शाळेतल्या हजेरीसारखी त्याची युक्ती आहे. गुरुजी सांगतात, प्रत्येकानं मनात एक आकडा धरा. मग ते एक एक आकडा कमी करत जातात, आणि ज्याचा शून्य झाला तो आपला नंबर सांगतो. दोघं एकदम ओरडले तर त्या दोघांनी पुन्हा नवा आकडा धरायचा. हे सगळं सेकंदाला शेकड्यांच्या वेगानं चालतं, त्यामुळे ट्रॉली बूथमध्ये, म्हणजे रीडर लावलेल्या मोजणीच्या खोलीत, ढकलून दार लावेपर्यंत बहुतेक मोजणी उरकलेली असते.

हजेरीच म्हण त्याला. टॅग कुणाला शोधत नाही. अमुक टॉवेल शेवटचा कुठे आणि कधी हजर होता, एवढंच कळतं. बाकी सगळे निष्कर्ष माणसांचे, आणि भांडणंही माणसांचीच.

भांडणांवरून सांगतो. आमच्या धंद्यात धुलाईपेक्षा मोजणीनं जास्त केस पांढरे होतात. हॉटेलचं चलन म्हणतं पाचशे चादरी दिल्या, आमचा पोरगा म्हणतो चारशे ऐंशी आल्या. कोण खरं? रात्री अकरा वाजता हॉटेलच्या मागच्या दारात, मळक्या गाठोड्यांच्या ढिगाऱ्यात दोघंही उभे, दोघांनाही घरी जायचंय. ते सह्या करून मोकळे होतात आणि महिन्याच्या शेवटी आमच्या बिलातून ‘शॉर्ट’चे पैसे कापले जातात. हॉस्पिटलचं लिनन तर हातानं मोजूच नये अशी वस्तू. रक्त असतं, इतर काय काय असतं, कधी चादरीच्या घडीत सुई निघते, कधी कात्री. आमच्या सॉर्टिंगच्या बायका जाड हातमोजे घालून मोजायच्या, तरी जीव टांगणीला. आता पिशवी न उघडता मोजणी होते. मला विचारशील तर या एका कामासाठी टॅगचे पैसे वसूल आहेत, चोरीबिरीचं सोड.

एका हॉटेलचा किस्सा, नाव सांगत नाही. स्विमिंग पूलचे टॉवेल सारखे कमी पडायचे आणि संशय आमच्या ड्रायव्हरवर. टॅग लावल्यावर आमच्याकडे येणारा आणि जाणारा प्रत्येक टॉवेल दोघांच्या स्क्रीनवर सारखाच दिसायला लागला. आमच्याकडून बरोबर जात होते, तिकडून कमी निघत होते. शेवटी त्यांच्याच सुपरवायझरनं हातातला रीडर घेऊन मागच्या बाजूला फेरी मारली. बरेचसे टॉवेल किचनमध्ये आणि पार्किंगमध्ये पुसणी होऊन पडलेले! कंडम न करता, कुठे नोंद न करता, हाताला लागेल तो टॉवेल घ्यायची सवय. ड्रायव्हरची कुणी माफी मागितली नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाहुणे नेत नाहीत असं नाही. २०११ मध्ये होनोलुलूच्या एका हॉटेलाची बातमी जगभर फिरली होती. महिन्याला चार हजारांच्या घरात पूल टॉवेल गायब व्हायचे, टॅग लावल्यावर ते साडेसातशेवर आले. पण त्या बातमीतही टॉवेल कुणाच्या घरून परत आणलेले नाहीत. मोजलं जातंय म्हटल्यावर सगळेच जरा सरळ वागतात, हॉटेलची माणसंसुद्धा.

आता आपली स्नेहा म्हणाली ते. दुकानांत हे कधीचं आहे, हे तिचं बरोबर आहे. सगळ्याची सुरुवात म्हणे एका लिपस्टिकपासून झाली. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये केव्हिन ॲश्टन नावाचा माणूस होता. त्याची एक शेड दुकानाच्या फळीवर नेहमी संपलेली आणि गोदामात मात्र पडून. त्यातून १९९९ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये ऑटो-आयडी सेंटर उभं राहिलं. संजय सरमा तिथलेच, आपल्या आयआयटी कानपूरचे. मग २००३ मध्ये वॉलमार्टनं मोठ्या पुरवठादारांना फर्मान काढलं की खोक्यांवर आणि पॅलेटवर (खोकी रचायच्या फळ्यांवर) टॅग लावा. गाजावाजा खूप झाला, पण किराण्यात ते नीट जमलं नाही. पाणी या लहरी पिऊन टाकतं आणि पत्रा त्या परतवतो, म्हणजे बाटल्या आणि डबे दोन्ही नाठाळ.

कापड मात्र साधं. सुकं कापड लहरींना आडवं येत नाही. शिवाय एका शर्टाचे पाच साइज आणि सहा रंग म्हणजे तीस निरनिराळ्या वस्तू झाल्या, आणि त्यातला नेमका गिऱ्हाइकाला हवा तोच आत कुठल्या तरी खोक्यात असतो. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या आरएफआयडी लॅबचे आकडे या धंद्यात सगळेच सांगतात: कपड्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवरचा साठा आणि खरा साठा यांचा मेळ पासष्ट टक्क्यांच्या आसपास बसायचा, टॅगनं तो पंचाण्णवच्या पुढे गेला. कापडधंद्यात वाढलेल्या तुला त्या पासष्टचं नवल वाटणार नाही. झारावाल्यांनी अजून एक हुशारी केली. चोरीविरोधी जो प्लास्टिकचा कडक बिल्ला असतो त्यातच चिप घातली, काउंटरवर बिल्ला काढून घेतला की तोच पुढच्या कपड्याला. डेकॅथलॉनमध्ये तू बघितलंच असशील, सामान खोक्यात टाकलं की बिल तयार, बारकोड एक एक करून दाखवायला नको.

याला विरोधही झाला होता, आणि तो मला अगदीच खुळा वाटत नाही. २००३ मध्ये बेनेटनच्या कपड्यांत टॅग येणार अशी बातमी आली तेव्हा अमेरिकेत बहिष्काराची हाक दिली गेली. माझ्या अंगावरच्या शर्टातला नंबर रस्त्यावर कुणी वाचला तर काय, हा त्यांचा मुद्दा. चिप कायमची बंद करण्याची आज्ञा पुढे मानकातच आली, आणि दुकानातला कागदी टॅग आपण तसाही लेबलाबरोबर कापून टाकतो. टॉवेलाला कसली आलीय अब्रू, म्हणा. पण युनिफॉर्मला आहे. आमच्याकडे एका कारखान्याचे ओव्हरऑल धुवायला येतात, प्रत्येक नंबरामागे एका कामगाराचं नाव. त्यांच्या ऑफिसातून मागणी आली, कोण किती दिवस कपडे धुवायला टाकत नाही त्याची यादी द्या. मी म्हटलं, आम्ही कपडे मोजतो, माणसं मोजत नाही. मालकांना माझं बोलणं आवडलं नाही. यादी अजून तरी दिलेली नाही.

तुझ्या कामाचं आता. इथे जरा लक्ष देऊन वाच, वाटल्यास शिलाईच्या मास्तरांना वाचून दाखव.

दुकानातला टॅग आणि धुवायचा टॅग यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिला कागद-प्लास्टिकवर चिकटवलेला ॲल्युमिनियमचा पातळ अँटेना, पहिल्याच धुण्यात संपतो. धुवायचा टॅग मऊ पट्टीसारखा, साधारण बोटाएवढा लांब, आणि किमतीला कितीतरी महाग. चांगल्या कंपन्या दोनशे धुण्यांची हमी देतात, साठ बारच्या (बार हे दाबाचं माप) प्रेसखाली दाबला तरी टिकेल असं लिहून देतात, हॉस्पिटलवाल्यांना निर्जंतुकीकरणाचीही. आमच्या टनेल वॉशरमधून (टप्प्याटप्प्यानं धुणाऱ्या लांब मशीनमधून) निघाल्यावर पाणी काढायला जी प्रेस बसते तिच्याखाली काय होतं ते तू बघितलंयस. त्यामुळे साठ बार हा आकडा कोटेशनमध्ये लेखी माग. नुसतं ‘वॉशेबल’ लिहिलेलं चालणार नाही.

टॅग कुठे शिवायचा, हा खरा प्रश्न. शेवटच्या पट्टीच्या दुमडीत, कोपऱ्यापासून थोडा आत. तुमच्या काही डिझाइनमध्ये बॉर्डरला लुरेक्सच्या जरीसारख्या धाग्याची चमक असते, तिच्या जवळपास नको. चमक म्हणजे धातूच, टॅगचा आवाज दाबते. सुई टॅगमधून जाता कामा नये, त्याला छोटा खिसा करा. आणि खिसा ऐसपैस ठेवा. टेरी, म्हणजे टॉवेलचं कापड, पहिल्या काही धुण्यांत आटतो हे मी तुला काय सांगणार, पण टॅग आटत नाही. दोन्ही टोकांना घट्ट शिवलास तर कापड आटेल आणि आतली पट्टी धनुष्यासारखी वाकून मरेल.

सगळ्या टॉवेलांना एकाच कोपऱ्यात टॅग असला तर घड्या घालून रचल्यावर टॅगवर टॅग येतो, आणि एकमेकांना चिकटलेले टॅग नीट वाचले जात नाहीत. तुझ्या जाड टॉवेलात मध्ये अंतर राहतं, तेव्हा फार काळजी नाही. पिलो कव्हर असती तर वेगळं बोललो असतो. टॅगचं नुसतं टोक रीडरकडे असलं तर तो वाचला जात नाही, म्हणून बूथमध्ये चारी बाजूंनी अँटेना लावतात. ओल्या टॉवेलांचा ढीग तर आमचाही बूथ धड वाचत नाही, पूलचे टॉवेल आम्ही थोडे थोडे करून फिरवतो. आणि उलटंही होतं: बूथचं दार उघडं राहिलं तर बाहेरून जाणाऱ्या ट्रॉलीतले टॉवेल आतल्या हिशेबात येतात. सांगायचं काय, एका वाचनात शंभरातले एक-दोन सुटणारच, ते पुढच्या फेरीला हजर होतात. हॉटेलवाल्यांना हे आधी सांगून ठेव. पहिल्याच चलनावर ‘तुमचे बारा टॅग बंद’ असा फोन येईल तेव्हा गडबडून जाऊ नकोस, पुन्हा वाचायला सांग.

नंबरांचं एक पथ्य. चिपमध्ये दोन नंबर असतात, एक कारखान्यातच कोरलेला, न बदलणारा, आणि दुसरा आपण लिहायचा. दुसरा कुणी लिहायचा, कोणत्या पद्धतीनं, हे ठरवून घे. नाहीतर तुझा टॉवेल आणि दुसऱ्या कुणाची चादर एकच नंबर घेऊन आमच्यासारख्याच्या दारात येतील. पाठवण्याआधी प्रत्येक गाठ वाचून नंबरांची यादी मालाबरोबर द्यावी लागेल, म्हणजे हातातला एक रीडर तुला घ्यावाच लागणार. तो खर्च दरात धर.

आणि करारात स्पष्ट लिही: टॅगची हमी टॅगवाल्याची, शिलाईची तुझी. टॉवेल बहुतेकदा टॅगच्या आधीच कंडम होतो. किती धुण्यांनी झाला हे आता त्यांना नेमकं कळणार आहे, आणि सूत हलकं निघालं तर तो आकडा तुझ्याच तोंडावर येईल. तू सूत चांगलं वापरतोस, तेव्हा तुला हे फायद्याचंच. शेजारच्या काही कारखान्यांना जड जाईल (कोणत्या ते तुला ठाऊक!).

तुझे अण्णा बिब्ब्याची गोष्ट सांगायचे, आठवते? परीट बिब्ब्याच्या रसानं कपड्याच्या कोपऱ्यात खूण करायचा, वर चुना लावायचा, की काळी खूण कपडा फाटला तरी जायची नाही. कुणाकुणाच्या मानेवर ती खूण उतायचीसुद्धा. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर हजारो कपड्यांत कुणाचा कुठला हे अशा खुणांवरच ओळखलं जायचं, रीडर म्हणजे धोब्याचे डोळे. टॅगवाले दोनशे धुण्यांची हमी देतात, बिब्ब्याला कुणी हमी मागितली नव्हती. अण्णांना सांग, हसतील.

ऑर्डर घे, माझं मत तसंच आहे. फक्त पूर्ण माल काढण्याआधी दहा-बारा टॉवेल निरनिराळ्या प्रकारे टॅग शिवून माझ्याकडे पाठव. खिसा सैल, खिसा घट्ट, बॉर्डरजवळ, बॉर्डरपासून लांब, सगळे. प्रत्येकावर मार्करनं लिही कुठला कसा. पुढचा महिनाभर रोजच्या लॉटमध्ये टाकून धुतो, प्रेसखालून काढतो, आणि कुठला बोलतो, कुठला गप्प बसतो ते कळवतो. मालकांशी बोललोय, त्यांची हरकत नाही. त्याच पार्सलात शेंगाचटणी टाकलीस तर माझीही हरकत नाही.

वहिनींना नमस्कार, अण्णांना साष्टांग. स्नेहाला सांग, पुण्यात आली की लॉन्ड्री बघायला ये, बूथ आतून दाखवतो.

तुझा,
विलास