‘कोणता खंड?’ असे विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

जैवविविधता कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक 16 डिसेंबर 2021 रोजी लोकसभेत मांडले गेले, तेव्हा राधानगरी तालुक्यातील आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने कोल्हापुरात मोर्चा काढायचे ठरवले होते. निषेधाचे पत्रक तपासून घ्यायला मी करवीर नगर वाचन मंदिरात तुम्हाला भेटलो. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलेत आणि एवढेच विचारलेत, “या विधेयकातला कोणता खंड, म्हणजे कोणते कलम, तुम्हाला मान्य नाही?” मला उत्तर देता आले नाही, कारण आमच्यापैकी कोणीही विधेयक वाचलेले नव्हते. त्या प्रश्नाबद्दल आणि त्यानंतर तुम्ही घेतलेल्या कष्टांबद्दल तुमचे जाहीर आभार मानतो.

विधेयक 20 डिसेंबरलाच लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असलेल्या संयुक्त समितीकडे गेले होते. अशी समिती लेखी सूचना मागवते तेव्हा कोणताही नागरिक, त्याच्या पाठीशी संघटना असो वा नसो, तिला थेट लिहू शकतो आणि तोंडी साक्षीची इच्छाही कळवू शकतो, हे आम्हाला तुमच्याकडून कळले. सभागृहातील मतदानाच्या वेळी पक्षादेश (कसे मत द्यायचे याचा पक्षाचा हुकूम, ‘व्हिप’) असतो, समितीत तो लागू नसतो. म्हणून विधेयकातला एखादा शब्द बदलून घ्यायचा असेल तर मुद्दा समितीपुढेच मांडावा, हे तुम्ही मला दोनदा समजावलेत.

त्यानंतरचे चार रविवार मी विसरणार नाही. ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभ-वाटपातून, म्हणजे मिळवलेल्या फायद्याचा वाटा ते ज्ञान व जैवसंपत्ती जपणाऱ्यांना देण्यातून, सूट देण्याची तरतूद विधेयकात होती, आणि आमच्या भागातील हिरडा, शिकेकाई यांची माहिती तर माणसांच्या तोंडीच आहे. धनगरवाड्यावरच्या आजी ग्रामसभेत म्हणाल्या होत्या, “आमची विद्या पोथीत न्हाई, म्हणून ती आमची न्हाई व्हय?” ही तळमळ खंडांच्या भाषेत कशी आणायची, ते तुम्ही शिकवलेत: आधी खंडाचा क्रमांक, मग विधेयकातले शब्द, त्यांच्या जागी आम्हाला हवे असलेले शब्द, आणि शेवटी कारण, तेही लोक जैवविविधता नोंदवहीतील (गावातील जीवसृष्टी आणि तिच्याविषयीचे ज्ञान टिपून ठेवणाऱ्या वहीतील) नोंदीच्या आधाराने. माझी विशेषणे तुम्ही एकेक करून खोडलीत; तेव्हा वाईट वाटले होते, आज त्याचेच मोल अधिक वाटते. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत हवे होते, म्हणून आमच्या मराठी मजकुराचे इंग्रजी तुम्ही स्वतः केलेत. समितीकडे दिलेले निवेदन तिच्या दप्तराचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते, हेही तुम्ही बजावले होते. त्यामुळे त्यातील मजकूर इथे देत नाही, गावात उघडपणे झालेले बोलणे तेवढे सांगितले आहे.

अहवाल 2 ऑगस्ट 2022 रोजी आला, आणि 25 जुलै 2023 रोजी लोकसभेने व 1 ऑगस्ट 2023 रोजी राज्यसभेने विधेयक मंजूर केले. सूट कायम राहिली. पूर्वीची पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद जाऊन त्या जागी 1 लाख ते 50 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. मी निराश होऊन फोन केला, तेव्हा तुम्ही सांत्वन केले नाहीत, तर अहवाल उघडून त्याला जोडलेली काही सदस्यांची असहमतीची टिपणे वाचायला सांगितलेत. आमच्या चिंतेशी जुळणारे आक्षेप संसदेच्या कागदावर कायमचे नोंदले गेले आहेत, हे त्या दिवशी समजले. शिवाय समितीनंतरही, विधेयकाचा खंडनिहाय विचार होताना, खासदार दुरुस्ती सुचवू शकतात. तिचा नेमका मसुदा त्यांना वेळेत हातात मिळाला पाहिजे. तो आम्ही दिला नव्हता. ती चूक आमची होती, आणि पुढच्या विधेयकाच्या वेळी ती होणार नाही.

तुमच्या तांबड्या शाईच्या खुणा असलेली विधेयकाची प्रत नोंदवहीसोबत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली आहे. आमच्या समितीत नवा सदस्य आला की त्याला आधी तीच वाचायला देतो. पाऊस ओसरला की धनगरवाड्यावर या. आजी तुमची आठवण काढतात.

आपला कृतज्ञ,
जैवविविधता व्यवस्थापन समितीचा एक सदस्य