रोपणानंतरचे पहिले दहा दिवस : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : रोपण केलेल्या अंडाशय-ऊतीचा रक्तपुरवठा सुधारण्यासाठी संप्रेरक उपचारांची बहुकेंद्री वैद्यकीय चाचणी शासनाच्या खर्चाने घेण्याबाबत.

मा. महोदय,

सविनय नमस्कार.

मी पुण्यातील एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते. काही काळापूर्वी थॅलेसेमिया असलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलीच्या अंडाशयाचा तुकडा आमच्याकडे गोठवण्यासाठी आला. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी तिला जी औषधे दिली जाणार होती, त्यांनी अंडाशय कायमचे निकामी होण्याचा मोठा धोका होता. सह्या झाल्यावर तिची आई प्रयोगशाळेच्या दाराशी थांबली आणि मला म्हणाली, “ताई, पुढे हे परत लावल्यावर जगेल ना?” गोठवण्याबद्दल मी तिला ठामपणे सांगू शकले, पण परत लावल्यानंतरच्या दिवसांबद्दल तितक्या ठामपणे बोलता आले नाही. त्या दिवसांसाठीच हे पत्र लिहीत आहे.

आपल्या कार्यालयात ही फाईल ज्यांच्या टेबलावर जाईल, त्यांच्यासाठी हे काम नेमके कसे चालते ते आधी सांगते. अंडाशयाच्या बाहेरच्या पातळ थरात सुप्त स्त्रीबीजे असतात. आतला मऊ भाग आम्ही चाकूने अलगद खरवडून काढतो आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या, नखाएवढ्या पट्ट्या तयार करतो. त्या छोट्या कुप्यांत घालून, हळूहळू थंड करून, द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतो. टाकीतील नायट्रोजन किती उरला आहे हे पाहण्यासाठी मोजपट्टी आत बुडवून वर काढायची आणि ती हवेत हलवल्यावर जिथपर्यंत पांढरे दव गोठते तो आकडा वहीत लिहायचा, हे काम कोणाच्याही रजेमुळे चुकू देत नाही. मोठ्या स्त्रीला दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन तिची बीजे काढून गोठवता येतात. पाळी सुरू न झालेल्या मुलीला तो मार्ग उपलब्ध नसतो, आणि केमोथेरपी उद्यावर आलेल्या स्त्रीकडे अनेकदा तेवढे दिवस नसतात. त्यांच्यासाठी पुढे शरीरात परत बसवायची ही पट्टीच उरते.

या उपचाराला आता बऱ्यापैकी इतिहास आहे. ब्रुसेल्समध्ये १९९७ साली हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची ऊती गोठवली गेली आणि ती परत लावल्यावर २००४ साली तिला मूल झाले. ब्रुसेल्समध्येच सिकलसेलच्या एका मुलीची ऊती वयाच्या तेराव्या वर्षी, पाळी सुरू होण्याआधी, अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी काढली होती. पुढे ती आई झाली आणि २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. वयाच्या नवव्या वर्षी लीड्स येथे ऊती गोठवलेली, थॅलेसेमियाची एक रुग्ण २०१६ च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये बाळंत झाली. २०१९ साली अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने या तंत्रावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला. गडचिरोली आणि नंदुरबारमधील मुलींचे आजार हेच आहेत, आणि २०२३ साली आपल्याच मंत्रालयाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे, म्हणून ही उदाहरणे मुद्दाम दिली.

खरी अडचण गोठवण्यात फारशी नाही. मूत्रपिंड बसवताना शल्यविशारद रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडतो, पण या पट्टीत जोडता येईल अशी वाहिनीच नसते. ती उरलेल्या अंडाशयावर किंवा ओटीपोटातील आवरणाखाली नुसती बसवली जाते, आणि आजूबाजूच्या बारीक केशवाहिन्या तिच्यात वाढत येईपर्यंत तिला प्राणवायूविना तग धरावा लागतो. बेल्जियममधील संशोधकांनी २००९ साली मानवी ऊती उंदरांत रोपून तिच्यातील प्राणवायू मोजला, तेव्हा पहिले पाच दिवस तो अतिशय कमी होता आणि दहाव्या दिवसापर्यंत हळूहळू वाढत गेला. एडिंबरा येथे १९९९ साली मेंढ्यांवर झालेल्या अभ्यासात गोठवण्या-वितळवण्यामुळे सुप्त बीजांचे सुमारे सात टक्केच नुकसान झाल्याचे दिसले, मात्र रोपणानंतर रक्त पोहोचेपर्यंतच्या काळात निम्म्याहून अधिक बीजे गेली. ज्या दिवसांत ही बीजे मरतात त्या दिवसांत माझ्या टाकीचा, माझ्या वहीचा काहीही उपयोग नसतो, आणि हे मला मनापासून सलते.

संप्रेरकांचा विचार इथे येतो. अमेरिकेत १९९४ साली वयात न आलेल्या उंदरांच्या रोपण केलेल्या अंडाशयांवर झालेल्या प्रयोगात दिसले की, नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचा संदेश देणाऱ्या घटकांची निर्मिती रोपणानंतर वाढते आणि ती वाढ मेंदूतळाच्या पीयूष ग्रंथीतून येणाऱ्या, अंडाशयाला चालना देणाऱ्या एफएसएच व एलएच या संप्रेरकांवर अवलंबून असते. एफएसएचमुळे वाढत्या बीजाभोवतीच्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन तयार करतात आणि त्या प्रथिनाच्या ओढीने केशवाहिन्या पट्टीकडे वाढतात. त्यानंतर प्राण्यांवर एफएसएच, मेलॅटोनिन, एरिथ्रोपोएटिन अशा अनेक संप्रेरकांचे प्रयोग झाले. काहींत इंजेक्शन दिले, काहींत रोपणाआधी पट्टी संप्रेरकाच्या द्रावणात काही तास भिजवली. काही ठिकाणी रक्तवाहिन्या अधिक दिसल्या आणि बीजे अधिक वाचली. मात्र सगळे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

महोदय, ज्या प्रश्नावर माझे मन अडते तो असा. जिचे अंडाशय बंद पडले आहे त्या स्त्रीच्या रक्तात एफएसएच आधीच भरपूर असते, मग बाहेरून आणखी देऊन काय साधणार? शिवाय पट्टीपर्यंत रक्तच पोहोचत नसेल, तर रक्तात दिलेले औषध तरी पहिल्या दिवसांत तिच्यापर्यंत कसे पोहोचणार? मला स्वतःला म्हणूनच इंजेक्शनापेक्षा पट्टी आधी भिजवण्याचा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो, कारण त्यात संप्रेरक रोपणाच्या क्षणी ऊतीतच असते. पण माझ्या वाटण्यावर कोणाच्या मुलीचा उपचार ठरू नये. सुप्त बीजे वेळेआधी जागी होऊन काही महिन्यांतच संपून जाण्याची भीती आहे. संप्रेरकांना प्रतिसाद देणारा स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीत अंडाशय उद्दीपित करणे वेगळ्या काळजीने करावे लागते. रक्ताच्या कर्करोगात तर पट्टीतच रोगपेशी असू शकतात, तेव्हा तिथे रक्तवाहिन्या वाढवण्याचा उपचार घातकही ठरू शकेल. एफएसएचसारखी औषधे वंध्यत्व केंद्रांत रोज वापरली जातात आणि औषधाच्या दुकानात मिळतात, म्हणून अजून सिद्ध न झालेला हा उपचार ‘रक्तपुरवठा वाढवणारी खास इंजेक्शने’ म्हणून रुग्णांना विकला जाण्याचा धोका मला अधिक वाटतो.

औषध कंपन्या या चाचणीवर पैसा लावणार नाहीत. औषध जुने आहे, रुग्ण थोडे आहेत आणि निष्कर्ष हाती यायला वर्षे लागतात. रोपणानंतर पाळी परत यायलाच साधारण चार-पाच महिने जातात, पट्टी किती वर्षे काम करते हे त्यानंतर कळते. एका रुग्णालयात वर्षभरात मोजक्याच स्त्रियांचे रोपण होते, त्यामुळे एकट्याने केलेल्या प्रयत्नातून काहीच ठरत नाही. माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी की, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ही चाचणी स्वतःच्या निधीतून, अनेक केंद्रांत एकाच पद्धतीने घ्यावी. त्यासाठी लागणारे बळ आपल्याकडे आहे. मुंबईत परळला परिषदेची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आणि टाटा मेमोरियल रुग्णालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकाच स्त्रीच्या काही पट्ट्या भिजवून एका बाजूला आणि काही न भिजवता दुसऱ्या बाजूला बसवल्या, तर तिची तुलना तिच्याशीच होते आणि थोड्या रुग्णांतूनही अर्थ निघू शकतो. डॉप्लर सोनोग्राफीने दोन्ही बाजूंचा रक्तप्रवाह, त्या बाजूंना वाढणारी बीजे, आणि पुढे पाळी, गर्भधारणा व पट्टीचे आयुष्य यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये आधी जाहीर करूनच व्हावी. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना या चाचणीत घेऊ नये.

चाचणीचे निष्कर्ष येईपर्यंत नोंदणीकृत चाचणीबाहेर या हेतूने संप्रेरके देऊ नयेत, असे लेखी निर्देश सर्व केंद्रांना द्यावेत. त्याचबरोबर देशात गोठवलेल्या आणि परत बसवलेल्या प्रत्येक अंडाशय-ऊतीची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू व्हावी.

साठवणुकीच्या मुदतीबद्दलही लिहिणे भाग आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम, २०२१ मध्ये दात्याचे बीज किंवा भ्रूण दहा वर्षांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही. अकराव्या वर्षी स्वतःसाठी ऊती ठेवणाऱ्या मुलीला ती पंचविशीत किंवा तिशीत लागणार आहे. तिच्या ऊतीला ही मुदत लागू नाही, हे पालकांना वाचून समजेल अशा शब्दांत आपल्या मंत्रालयाने स्पष्ट करावे. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाशी निगडित उपचार सर्वसाधारणपणे वगळलेले आहेत. पण या मुलींचे वंध्यत्व योजनेतूनच मिळालेल्या उपचारामुळे येऊ शकते, तेव्हा ऊती काढणे व गोठवणे हा कर्करोग, थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या उपचाराचाच भाग धरावा.

ती मुलगी आता बरी आहे. तिची आई दरवर्षी साठवणुकीचे शुल्क भरायला स्वतः येते आणि टाकी कुठे आहे ते काचेतून पाहून जाते. मुलीला पट्टी लागेपर्यंत अजून बारा-पंधरा वर्षे आहेत. चाचणी या आर्थिक वर्षात मंजूर झाली, तर तिच्या वेळेपर्यंत उत्तर हाती येऊ शकेल.

या पत्राची प्रत आरोग्य संशोधन विभागाच्या सचिवांना आणि महाराष्ट्राच्या मा. सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना पाठवत आहे.

आपली नम्र,
एक भ्रूणतज्ज्ञ, पुणे